रोग कशावर बसून जातो, ते आधी बघा

तुमचा प्रश्न ड्युटीवर निघताना वाचला आणि परत आल्यावर पुन्हा एकदा वाचला. बाबा 68 वर्षांचे, शुगर बरीच जुनी. उमरेडला घरी बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं, तुम्ही त्यांना नागपूरला एका खाजगी दवाखान्यात भरती केलं, परवा ऑपरेशन आहे. खोली दोन खाटांची, शेजारचे काका तीन आठवड्यांपासून खोकतात. नातेवाईक म्हणतात, दवाखान्यात एक आजार घेऊन जायचं अन् चार घेऊन यायचं. म्हणून तुम्ही ग्लोव्ह्जचा डबा, मास्क, पाच लिटरचा सॅनिटायझरचा कॅन आणि खोलीत मारायचा स्प्रे आणला. मे महिन्याची धूळ नको म्हणून खिडक्या लावून एसी सुरू ठेवला. आणि विचारता, अजून काय आणू? सिंगल रूम मागू का? डॉक्टरांना आधीच जोरदार अँटिबायोटिक सुरू करायला सांगू का? तुमच्या काकूंनी शेजारच्या काकांपासून ताट-पेला दूर ठेवायला सांगितलंय, ते बरोबर का?

मी नर्स आहे. नोकरीची सत्तावीस वर्षं झाली, त्यातली शेवटची चौदा इन्फेक्शन कंट्रोलमध्ये. माझी मुलगी लोकांना सांगते की आई वॉर्डावॉर्डांत फिरून कोण हात धुतं अन् कोण धुतल्यासारखं करतं ते बघते. कामाचं वर्णन इतकं नेमकं मलाही कधी जमलं नाही.

आधी तातडीचं सांगते: ती खिडकी आज रात्रीच उघडा. का, ते पुढे येतंच. तुम्ही आणलेल्या सामानातलं थोडं कामाचं आहे, थोडं बिनकामाचं, आणि एक-दोन गोष्टी उलट्या पडतील अशा आहेत. तुम्ही विचारताय "काय आणू", पण खरी अडचण वेगळी आहे. दवाखान्यात जंतू आहेत हे तुम्हाला कळलंय, ते बाबांपर्यंत कोणत्या वाटेने येतील हे कळलेलं नाही. म्हणून सगळ्याच दिशांनी तटबंदी चालू आहे. प्रत्येक रोगाचं वाहन ठरलेलं असतं. कुणी हवेवर बसून येतो, कुणी हातावर, कुणी पाण्यातून, कुणी डासावर, कुणी सुईच्या टोकावर. वाहन ओळखलं की करायच्या गोष्टी चार-पाचच उरतात, अन् त्या थकलेल्या माणसालाही झेपतात.

धोका किती, हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे, आणि मी लांबून तो मोजून देऊ शकत नाही. शुगर आटोक्यात आहे का, दवाखान्यात किती दिवस राहावं लागणार, आयसीयूत न्यावं लागेल का, लघवीची नळी किती दिवस राहील, आणि एका सिस्टरकडे रात्री किती पेशंट असतात. ही शेवटची गोष्ट कुणी विचारत नाही. पण एकटी सिस्टर वीस खाटा सांभाळत असेल तर प्रत्येक वेळी हात धुणं तिला शक्यच होत नाही. तिथे भिंतीवर किती पोस्टर लावलीत याने काही होत नाही.

आता शेजारचे काका. तीन आठवड्यांचा खोकला म्हणजे टीबीच असं नाही. दमा, विडी-सिगारेटने खराब झालेली छाती, हृदयाचा आजार, काहीही असू शकतं, आणि त्यातलं बरंच काही कुणाला लागत नाही. पण आपल्याकडे दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायचीच, असा टीबी कार्यक्रमाचा नियम आहे. तुम्ही सिस्टरला "त्यांना टीबी आहे का?" असं विचारलंत तर ती सांगणार नाही, सांगूही नये. दुसऱ्याचा आजार ती तुम्हाला कसा सांगेल? असं विचारा: "सिस्टर, बाबांना शुगर आहे, परवा ऑपरेशन आहे. शेजारच्या पेशंटची थुंकी तपासली असेल आणि लागण होण्यासारखं काही असेल, तर आमची खाट हलवून द्याल का?" या वाक्यात तिला कुणाचं गुपित फोडावं लागत नाही, आणि काय करायचं ते बरोबर कळतं. सिंगल रूमचा प्रश्न इथेच सुटतो. लागणीची शंका असेल तर दोघांपैकी एकाने हलायला हवं, खरं तर खोकणाऱ्यानेच. शंका नसेल तर नुसत्या भीतीपोटी रोजचे जास्तीचे पैसे घालवू नका.

टीबीचं वाहन हवा. खोकताना उडालेले मोठे थेंब खाली पडतात, पण बारीक थेंब हवेतच सुकतात आणि त्यांचे एक ते पाच मायक्रॉनचे कण तासन् तास तरंगत राहतात. ते श्वासावाटे थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये 1950च्या दशकाच्या शेवटी हे पक्कं सिद्ध झालं. टीबी वॉर्डातली हवा नळ्यांनी वरच्या मजल्यावर गिनीपिगच्या पिंजऱ्यांत सोडली. पेशंट आणि प्राणी एकमेकांसमोर कधी आलेच नाहीत, भांडी नाहीत, चादरी नाहीत, तरी गिनीपिगना टीबी झाला. काकूंना एवढं सांगा. ताट-पेल्याने टीबी जात नाही. टीबीच्या पेशंटचं ताट वेगळं ठेवायचं अन् त्याला खिडकी नसलेल्या खोलीत झोपवायचं, हे आपल्याकडे घराघरांत अजून चालतं. यात त्या माणसाचा अपमान होतो आणि घरच्यांना लागण व्हायची तीही होतेच.

म्हणून खिडकी. तुमच्या खोलीतला स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आणत नाही, तीच हवा गार करून परत फिरवतो. काका खोकतात, एसी ते ढवळतो, बाबा श्वास घेतात. पेरूच्या लिमा शहरातल्या आठ दवाखान्यांत मोजमाप केलं होतं, 2007 साली ते प्रसिद्ध झालं. दारं-खिडक्या उघडल्या तर तासाला सरासरी 28 वेळा खोलीतली हवा बदलते. लागणीच्या पेशंटला वेगळं ठेवायच्या, यंत्राने हवा खेळवणाऱ्या आयसोलेशन खोल्यांत ती 12 वेळा बदलायला हवी असा दंडक आहे. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत तर आकडे आणखी चांगले आले. आपल्याकडेही जुन्या सरकारी इमारतींच्या उंच वॉर्डांना लोक नाकं मुरडतात, पण हवेच्या बाबतीत ते वॉर्ड कित्येक नव्या चकचकीत खोल्यांपेक्षा उजवे आहेत. बांधणाऱ्याने पंचेचाळीस डिग्रीचा विचार करून छत उंच घेतलं असेल, टीबीचा नव्हे. फायदा दोन्हीकडे झाला.

तुम्ही म्हणाल, ताई, मे महिन्यात नागपुरात दुपारी खिडकी कशी उघडू? मीही इथलीच आहे, बाप्पा, मलाही ऊन लागतं. पहाटेपासून नऊपर्यंत आणि रात्री नऊनंतर सगळ्या खिडक्या उघडा. दुपारी एक झडप चार बोटं उघडी आणि बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन सुरू ठेवा, एसीचं थोडं वाया गेलं तर जाऊ द्या. पंखा असेल तर वारा बाबांच्या बाजूने काकांच्या बाजूला आणि तिथून बाहेर जाईल असा फिरवा. उलटा नको. मधला पडदा मोठे थेंब थोडे अडवतो, टीबीची हवा अडवत नाही. काकांना साधा तीन पदरी मास्क लावायला सिस्टरला सांगा, कारण खोकणाऱ्याने मास्क लावला तर मुळातच कमी बाहेर पडतं. दक्षिण आफ्रिकेत असाच गिनीपिगवर प्रयोग झाला, 2012 साली छापला. पेशंट मास्क लावून असले तर प्राण्यांना होणारी लागण निम्म्याच्या आसपास उतरली. तुम्ही स्वतःसाठी साधा मास्क लावून टीबी अडणार नाही, त्याला नाकावर घट्ट बसणारा एन-95 लागतो. आणि दाढीवर तो घट्ट बसत नाही, हे लक्षात असू द्या.

आपल्या कूलरबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. खिडकीत बसवलेला खसच्या ताट्यांचा कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, म्हणून हवा बदलायला तो स्प्लिट एसीपेक्षा बरा, फक्त समोरचं दार किंवा खिडकी उघडी हवी. पण त्याची टाकी म्हणजे डेंग्यूच्या डासाचं माहेर. पावसाळ्यात वॉर्डात डेंग्यूचा पेशंट आला की बाजूचे नातेवाईक खाट हलवा म्हणून भांडतात, आणि भांडताना ज्या कूलरला टेकून उभे असतात त्याच्या टाकीत पाणी साचलेलं असतं. डेंग्यू माणसाकडून माणसाला श्वासाने किंवा स्पर्शाने लागत नाही. पेशंटला मच्छरदाणी लावायची आणि आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून आतून घासायची. नुसतं पाणी ओतून चालत नाही, अंडी कडेला चिकटून महिनोन् महिने कोरडी टिकतात. स्क्रब टायफसचंही तसंच. 2018 साली नागपुरात त्याने मोठी घबराट उडवली होती. तो गवतातल्या बारीक किड्याच्या अळीमुळे होतो, शेजारच्या खाटेवरून येत नाही. ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूत मात्र कूलर अजिबात नको, ओलाव्यात वाढणारे जंतू तिथे परवडत नाहीत.

हवा झाली. पण बाबांसारख्या पेशंटला दवाखान्यात होणारी बहुतेक इन्फेक्शनं हवेतून येत नाहीत. ती हातांवरून येतात आणि नळ्यांवाटे आत शिरतात.

हात म्हटलं की सगळे मान डोलावतात आणि पुढे जातात, म्हणून एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका वॉर्डात एकापाठोपाठ एक जखमा चिघळायला लागल्या. मी हात धुण्यावर चार भाषणं दिली, सगळ्यांनी ऐकली, फरक शून्य. मग मेट्रनची परवानगी घेऊन एक उद्योग केला. खायचा लाल रंग व्हॅसलीनमध्ये कालवला आणि सकाळी सातला चार नंबरच्या खाटेच्या कठड्यावर, आतल्या बाजूने, बोटभर लावून ठेवला. कुणाला सांगितलं नाही. दुपारी एकला मोठा टॉर्च घेऊन फिरले. रंग सापडला बीपीच्या पट्ट्यावर, केसपेपरच्या फाइलवर, सलाईनच्या स्टँडच्या चक्रीवर, पडद्याच्या कडेला, ब्रदरच्या मोबाईलवर. सात नंबरच्या आजींच्या डब्याच्या झाकणावर. आजी तर आठ दिवस खाटेवरून उतरल्या नव्हत्या. मावशी म्हणाल्या, "मी त चार नंबरले हातच नाही लावला जी, सिस्टर." त्यांच्या बांगडीवर लाल रेघ होती. आणि माझ्या स्वतःच्या पेनच्या टोपणावरही होती, ते मी सगळ्यांसमोर दाखवलं.

सगळ्यात जास्त रंग कुणी पसरवला असेल? ज्या ब्रदरने सकाळपासून एकच ग्लोव्ह्जची जोडी घातली होती, त्याने. ग्लोव्ह्ज घातले की आपले हात स्वच्छ आहेत असं वाटतं. वाटणं खरंच असतं, आत हात स्वच्छच राहतात, बाहेरून मात्र ते ग्लोव्ह्ज सगळ्या वॉर्डाचा माल वाहतात. म्हणून तुमच्या डब्यातले ग्लोव्ह्ज रक्त, लघवी, शी साफ करताना घाला, काम झालं की लगेच काढून टाका आणि काढल्यावर हात धुवा. ग्लोव्ह्ज घालून मोबाईल, दाराची कडी, डबा असं फिरायचं असेल तर ते न घातलेले बरे.

हे काही नवं ज्ञान नाही. व्हिएन्नाच्या मोठ्या दवाखान्यात 1847 साली सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरला दिसलं की विद्यार्थी-डॉक्टरांच्या प्रसूती वॉर्डात बाळंतिणी फार मरतात, दाईंच्या वॉर्डात कमी. डॉक्टर आधी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणी तपासायला यायचे. त्याने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बायका दगावत होत्या, जूनमध्ये दोन. जंतू नावाची गोष्ट तेव्हा नीट माहीतही नव्हती. आणि तरी वरिष्ठांनी त्याचं ऐकलं नाही, आमचे हात घाण म्हणतोस काय म्हणून. आजही मोठ्या सरांना "सर, हात" असं म्हणताना नव्या पोरींचा आवाज बसतो. तुम्हाला तर आणखीच अवघड वाटेल. त्यासाठी माझी एक युक्ती आहे: बोलूच नका. खाटेच्या पायाशी सॅनिटायझरची बाटली अडकवून ठेवा, कुणी बाबांना तपासायला आलं की हसून बाटली पुढे करा. "घ्या सर" एवढंच. चौदा वर्षांत यावर चिडलेला एकच डॉक्टर मी पाहिला, आणि हात त्यानेही चोळले.

कधी चोळायचे? पेशंटला हात लावण्याआधी, लावल्यानंतर, नळी किंवा जखमेला हात लावण्याआधी, रक्त-लघवी हाताळल्यानंतर, आणि पेशंटच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली हे पाच क्षण ठरवून दिले, आम्ही तेच शिकवतो. तुम्ही हे सगळं पाठ करायची गरज नाही. आपल्याकडे बेडपॅन देणारा आणि वरण-भात भरवणारा माणूस एकच असतो, तो म्हणजे तुम्ही. त्या दोन कामांच्या मध्ये साबण-पाणी आलं पाहिजे, बस. सॅनिटायझर तळहातभर घ्या आणि वाळेपर्यंत वीस-तीस सेकंद चोळा, साबणाने धुवायचे तर चाळीस ते साठ सेकंद. अंगठे आणि बोटांची टोकं सगळे विसरतात. बाबांना जुलाब लागले तर सॅनिटायझरवर विसंबू नका. अँटिबायोटिकनंतर होणाऱ्या एका जुलाबाच्या जंतूंची बीजं अल्कोहोलने मरत नाहीत, ती साबण-पाण्यानेच धुऊन निघतात. आणि टेबलावर डेटॉलच्या पाण्याचा वाडगा अन् एकच टॉवेल असं कुठे दिसलं तर त्यात हात बुडवू नका. पातळ केलेल्या जंतुनाशकातही काही जंतू आरामात वाढतात.

आता नळ्या, आणि इथे तुम्ही सगळ्यात जास्त उपयोगी पडू शकता. खुब्याच्या पेशंटला बहुतेकदा लघवीची नळी घालतात, उठता येत नाही म्हणून. नळी आत राहते तितके दिवस जंतूंना वर चढायला शिडी मिळते. रोज साधारण शंभरात तीन ते सात पेशंटच्या लघवीत जंतू दिसू लागतात, आणि दिवसांबरोबर आकडा चढत जातो. म्हणून ऑपरेशननंतर रोज सकाळी राउंडला एकच प्रश्न विचारा: "सर, लघवीची नळी आज काढता येईल का?" डॉक्टर विसरतात. वाईट असतात म्हणून नव्हे. पांघरुणाखालची नळी दिसत नाही, एवढंच.

लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकलेली. माझ्या पहिल्या वर्षी एका पेशंटला एक्स-रेला नेताना मी पिशवी त्याच्या पोटावर ठेवली, स्ट्रेचरवरून लोंबकळून अडकू नये म्हणून. मोठ्या सिस्टरांनी कॉरिडॉरमध्ये थांबवून विचारलं, "ही काय आरतीची थाळी आहे का पोटावर ठेवायला?" पिशवीतली लघवी मागे फिरली की सगळे जंतू घेऊन आत जाते. परवा बाबांना थिएटरमध्ये नेताना आणि परत आणताना तुमचं लक्ष फक्त त्या पिशवीवर असू द्या. बाकी बघायला बरेच लोक असतात.

हाताच्या शिरेतली सलाईनची सुई: जागा लाल झाली, दुखली, सुजली, पट्टी ओली झाली तर लगेच सांगा. औषध सुरू नसेल तर विचारा की ती कशाला ठेवली आहे.

शुगरच्या पेशंटबद्दल एक खास काळजी, जी मी कुणाच्या तोंडून फार ऐकत नाही. बाबांच्या बोटाला दिवसातून चार-पाच वेळा टोचणार. टोचायचं यंत्र सगळ्या वॉर्डासाठी एकच असेल तर सुई बदलूनही ते धोक्याचं, कारण रक्ताचा न दिसणारा थेंब यंत्रावर राहतो, आणि हिपॅटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्तात सात दिवससुद्धा टिकतो. आम्ही नव्या मुलींना तीस-तीन-शून्य पॉइंट तीन असं पाठ करून घेतो. बाधित रक्ताची सुई टोचली तर लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता शेकडा तीसपर्यंत, सी ची तीनच्या आसपास, एचआयव्हीची 0.3. लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते शेवटच्याला, आणि लस पहिल्यावर आहे. प्रत्येक वेळी नवी, तुमच्यासमोर उघडलेली, एकदाच वापरून टाकायची लॅन्सेट, म्हणजे बोट टोचायची सुई, मागा. इन्सुलिनचं पेन असेल तर त्यावर बाबांचं नाव लिहा, ते दुसऱ्या कुणाला वापरायचं नाही, सुई बदलूनसुद्धा नाही. वापरलेल्या सुया पांढऱ्या कडक डब्यात जातात, रक्ताचं ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत. 2016च्या नियमांत हे रंग ठरलेत. तुमच्या डब्यातलं उरलेलं अन्न त्या पिवळ्या पिशवीत टाकू नका, एवढी मेहेरबानी करा.

अँटिबायोटिक. आधीच जोरदार सुरू करा असं सांगू नका. ऑपरेशनला ते लागतं, पण चीर देण्याआधीच्या साधारण तासाभरात शिरेतून एक डोस, आणि बहुतेकदा चोवीस तासांच्या आत बंद. चीर देताना औषध रक्तात हवं, आठवडाभर आधी देऊन फायदा नाही. उलट अंगावरचे साधे जंतू मरतात आणि कशालाच दाद न देणारे मागे उरतात. तुम्ही विचारायचं ते एवढंच: "चीर देण्याआधीचा डोस लिहिलाय ना?" केस काढण्याचंही तसंच. कुणी रेझर घेऊन मांडी गुळगुळीत करायला आलं तर नम्रपणे थांबवा. रेझरने कातडीला बारीक ओरखडे पडतात, जंतू त्यांत घर करतात. केस काढायचेच असतील तर क्लिपरने छाटायचे. आदल्या दिवशी साबणाने अंग पुसून घ्या. शुगर ऑपरेशनच्या आसपास 200च्या खाली राहिली तर जखम चिघळण्याचा धोका उतरतो, म्हणून भेटायला येणाऱ्यांनी आणलेली संत्रा बर्फी बाबांच्या उशाशी नको. तुम्ही खा.

भेटायला येणारे हा आपल्याकडचा सगळ्यात नाजूक विषय. उमरेडहून गाडी भरून लोक येतील, आणि न आल्याचा राग वेगळा. सर्दी-खोकला-ताप असलेल्याने आणि लहान मुलांनी येऊ नये, बाकीच्यांनी दोघा-दोघांनी, खाटेवर न बसता. खाटेशेजारी खुर्ची ठेवली की लोक आपोआप तिच्यावर बसतात, सांगावं लागत नाही. आत्याबाईंना नाही म्हणणं जमत नसेल तर सिस्टरवर ढकला. "सिस्टर ओरडतात हो" असं सांगा. आम्हाला सवय आहे.

सफाईबद्दल थोडक्यात: कोरडा झाडू नको, ओला पोछा हवा, आणि बाथरूमचा पोछा खोलीत येता कामा नये. हात लागणाऱ्या जागा, म्हणजे कठडा, बेल, टेबल, कडी, रोज पुसल्या जातात का ते बघा. भिंती अन् छत कितीही चकचकीत असले तरी त्यांना कुणी हात लावत नाही. रक्त सांडलं तर स्वतः पुसू नका, मावशींना बोलवा. त्या आधी त्यावर कागद टाकून हायपो, म्हणजे क्लोरीनचं जंतुनाशक, ओततात, दहा मिनिटं थांबतात, मग उचलतात. घाई केली तर हायपोचा काही उपयोग होत नाही.

ऑपरेशननंतर बाबांना लवकरात लवकर बसवा, फिजिओ सांगतील तसं. दीर्घ श्वास घ्यायला लावा, जेवताना पाठ उभी, सकाळ-संध्याकाळ दात घासायचे किंवा कवळी काढून धुवायची. पडून राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया बहुतेकदा स्वतःच्याच तोंडातल्या जंतूंनी होतो, त्याला शेजारचे काका लागत नाहीत. घरी गेल्यावर जखमेतून पाणी आलं, लाली वाढली, थंडी वाजून ताप आला तर थांबू नका. आत धातू बसवलेला असल्याने पहिले 90 दिवस हे लक्ष ठेवायचं, टाके निघाले म्हणजे संपलं असं नाही.

राहिलं तुमचं सामान. स्प्रे परत करा, हवेत फवारून जंतू मरत नाहीत, बाबांच्या छातीला त्रास तेवढा होईल. ग्लोव्ह्ज आणि मास्क ठेवा, वर सांगितलं तसे वापरा. पाच लिटरचा कॅन मात्र आजच खोलीबाहेर काढा. तो अल्कोहोल आहे, मे महिना आहे, भिंतीत ऑक्सिजनची लाइन आहे, आणि शेजारच्या काकू संध्याकाळी उदबत्ती लावत असतील तर मला नवल वाटणार नाही. कॅन घरी पाठवा, खाटेच्या पायाशी अर्धा लिटरची पंपाची बाटली पुरे. ती संपली की त्यात वरून ओतत बसू नका, नवी आणा. मेडिकल स्टोअरमध्ये मिळते.

नळी कधी निघाली ते कळवा.